कापणीच्या सणातला लिलाव ठेवावा का?

बदनापूरकर
सर्वांना जय ख्रिस्त.

सोयाबीन निघालं की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीचा सण होतो. वेदीपुढं बाजरीची कणसं, मूग, उडीद, मोसंबी, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना संपली की मंडपात याच अर्पणांचा लिलाव, पैसा मंडळीला. मागच्या वर्षी दोन घरांत ईर्षा लागली आणि पाच लिंबं तीन हजाराला गेली. टाळ्या वाजल्या. एका विधवा म्हातारीनं पदराखाली झाकून दोन किलो बाजरी आणली होती. ती पुकारली तेव्हा लोक जेवणाकडं वळले होते. दीडशेला गेली. म्हातारी तिथंच उभी होती.

पण मनाला लागलं ते वेगळंच. ज्या घरानं लिंबं घेतली त्यांच्या रानात माझी चुलती खुरपणीला जात होती. श्रावणातली मजुरी सणापर्यंत मिळालेली नव्हती. "कापूस विकू द्या, मग बघू," हेच उत्तर. तिनं त्याच मंडपात बसून तीन हजाराची बोली ऐकली आणि पुढच्या रविवारी त्याच माणसाच्या मागं रांगेत उभं राहून प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेतलं. पैसे मिळाले नाताळच्या आदल्या दिवशी.

बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, २४ व्या अध्यायात, मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या असं सांगितलंय. बायबलातल्याच याकोबाच्या पत्रात तर अडवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश देवाच्या कानी जातो. मग बोलीच्या पैशाला आपण दान कसं म्हणायचं? माझं मत सरळ आहे. लिलाव बंद करावा. ज्यानं त्यानं आपलं पहिलं पीक मुकाट्यानं वेदीपुढं ठेवावं.

छावणीकर
भाऊ, चुलतीवर अन्याय झाला, त्यात वाद नाही. पण एका घराच्या चुकीची शिक्षा सगळ्या मंडळीला का? खेड्यातल्या मंडळीत रविवारच्या दानात किती जमतं ते तुम्हालाही माहीत आहे. पाळकसाहेबांचा पगार, गळकं छप्पर, लाइटबिल, यातलं बरंचसं या एका दिवसावर निघतं. मुकाट्यानं ठेवायला सांगितलं तर कणसं येतील, पैसा येणार नाही. आणि पुण्याला, मुंबईला गेलेली पोरं वर्षातून याच दिवशी गावाकडं येतात. तो आनंदही देवाच्याच घरातला आहे.

परभणीहून
लिलावाला शास्त्राचा आधार आहे का, हे आधी बघा. अनुवाद २६ मध्ये टोपलीत प्रथमफळ घालून न्यायला सांगितलंय, बोली लावायला नाही. आज आपण पाळतो त्या धाटणीचा हंगामाचा सण इंग्लंडात कॉर्नवॉलच्या रॉबर्ट हॉकर या पाळकानं १८४३ साली सुरू केला. ही रीत माणसानं घातलेली आहे, माणसानं बदलली तर पाप लागत नाही. अनुवादाच्या त्याच अध्यायात पुढं तिसऱ्या वर्षीचा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, लेवी (देवाच्या सेवेतला वंश), परका, अनाथ आणि विधवा यांना द्यायला सांगितलाय. आपल्या लिलावातला किती पैसा विधवेच्या घरी जातो?

अंबडची लेक
मी मजुराच्या घरातली आहे, म्हणून बोलते. आई वर्षभर एक कोंबडी देवाच्या नावानं पाळायची. कितीही नड असली तरी ती विकायची नाही. सणाला पुकारणारा मोठ्यानं आईचं नाव घ्यायचा, "अमक्या बाईंची कोंबडी!" गावात तिला नावानं कुणी हाक मारत नव्हतं, तीही 'बाई' लावून तर नाहीच. त्या एका दिवशी सगळी मंडळी तिचं नाव ऐकायची. लिलाव बंद करून तिला काय मिळणार? कणसांच्या ढिगात तिची कोंबडी कुणाची हेसुद्धा कळणार नाही.

दादा, तुमच्या चुलतीचं दुःख मला कळतं. आमचीही मजुरी अडलेली आहे, तीही ख्रिस्ती घरात. पण ती लिलावानं अडवली नव्हती.

बदनापूरकर
ताई, तुमचं वाचून थांबलो. ही बाजू माझ्या ध्यानात आली नव्हती. लिलाव राहू द्या म्हणा, पण मग मजुरीचा प्रश्न मंडळीनं उचलायला हवा. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात पाळकांनी उभं राहून विचारावं, कुणाची मजुरी बाकी आहे का? वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी समेट कर, हे प्रभूनं स्वतः मत्तयाच्या शुभवर्तमानात, ५ व्या अध्यायात, सांगितलंय.

छावणीकर
इथं मी ठामपणे विरोधात. उद्या मंडळीचे पंच घराघरांत शिरून हिशेब तपासतील आणि जुनी भांडणं वेदीपाशी येतील. ज्याच्याकडं माल पडून आहे आणि भाव नाही, त्याच्याकडंही बघा. सोयाबीनचा भाव पडला की छोटा शेतकरी स्वतःच उधारीत असतो. पश्चात्ताप ज्याचा त्यानं करायचा, जाहीर पुकारून होत नाही.

जालनेकर
माझं वय झालंय, शेती अजून करतो. आमच्या जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती आहे. ती बसवणारे मिशनरी नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा १८४३ चा, मुंबईतला. पुढं त्यांनी जालन्याकडं काम केलं आणि निजामाच्या राज्यात जमीन मिळवून ही वस्ती बसवली. बेथेल म्हणजे देवाचं घर. तिथं नुसतं देऊळ नाही बांधलं, लोकांना कसायला रान मिळालं. ज्यांना गावात पाणवठा बंद होता, त्यांच्यासाठी तीच उपासना होती. म्हणून उपासना एकीकडं आणि मजुरी दुसरीकडं, ही वाटणी मला पटत नाही. छावणीकर, माफ करा.

आणि सरवा, म्हणजे कापणीनंतर रानात राहिलेलं धान्य, विसरू नका. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबाची, असं आहे. बायबलातली विधवा रूथ तो सरवाच वेचत होती. शेताचा मालक बवाज, त्यानं तर गड्यांना सांगितलं की पेंढ्यांतून मुद्दाम काही काढून तिच्यासाठी टाका. आमच्या लहानपणी शेवटच्या वेचणीनंतरचा कापूस बाया घेऊन जायच्या, कुणी हटकत नव्हतं. आता यंत्र फिरतं, रानात दाणा राहत नाही. मी दोन वर्षांपासून बांधालगतच्या दोन ओळी सोडतो. शेजारी म्हणतात, काका, नुकसान करून घेता. मी वेदीपुढं काही नेलं नाही तरी चालेल, असं मला त्या दोन ओळी बघून वाटतं.

परभणीहून
काका, लिलावाचं काय मग?

जालनेकर
ज्याच्या घरची मजुरी चुकती झाली त्यानं बोली लावावी. कुणी विचारायची गरज नाही, ज्याचं त्याला ठाऊक असतं.

अंबडची लेक
काका, ठाऊक असूनच तर अडवतात. इथं मी बदनापूरकर दादांच्या बाजूनं. विचारलं पाहिजे, आणि मोठ्यानं विचारलं पाहिजे.

बदनापूरकर
हे सगळं चुलतीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, लिलाव राहू द्या, लेकरं वाट बघतात, फक्त म्हातारीची बाजरी जेवणाच्या आधी पुकारा. मजुरीचं विचारलं तर गप्प राहिली आणि चुलीकडं गेली. परवा पंचांची बैठक आहे. बाजरीचं तिच्या नावानं सांगीन, मजुरीचं माझ्या नावानं.