'रिस्ट्रिक्शन एन्झाइम'मधला निर्बंध कुणावर?

भाषांतरवाली :
बारावीच्या मुलांसाठीच्या एका पुस्तिकेचं काम हातात आहे. रिस्ट्रिक्शन एन्झाइमला, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या जिवाणूतल्या प्रथिनाला, मी 'निर्बंधन विकर' लिहिलं (विकर म्हणजे एन्झाइम). मुद्रितं आली तर चार ठिकाणी 'निर्बंधन विकार'! जुळणी करणाऱ्याला वाटलं, माझाच काना राहिला. ते होईल दुरुस्त. पण संपादकांनी समासात लिहिलंय, 'हे डीएनए कापतं म्हणता, मग निर्बंध कुणावर? कर्तन विकर करा.' मला उत्तर सुचलं नाही. काय ठेवू?

पेट्री डिश :
निर्बंध विषाणूवर. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लुरिया, बर्तानी वगैरे मंडळींना दिसलं की जिवाणूंवर जगणारा फाज विषाणू जिवाणूच्या एका वाणात भराभर वाढतो आणि दुसऱ्यात त्याची डाळच शिजत नाही. या अडवणुकीला रिस्ट्रिक्शन म्हणू लागले. कापाकापी कळली मागाहून. साठच्या दशकात जिनिव्हात वेर्नर आर्बरनी उलगडा केला : जिवाणू घुसखोराचा डीएनए तोडतो आणि स्वतःच्या डीएनएवर मेथिल या छोट्या रासायनिक गटाचे शिक्के मारून ठेवतो, म्हणून घरचा माल वाचतो. १९७०मध्ये हॅमिल्टन स्मिथनी ठरावीक जागीच कापणारं एन्झाइम वेगळं केलं, पुढच्या वर्षी डॅनिएल नेथन्सनी ते वापरून एसव्ही ४० विषाणूच्या डीएनएचे ११ तुकडे केले. तिघांना १९७८चं नोबेल. 'कर्तन' केलंत तर ही सगळी गोष्ट गेली. शिवाय डीएनेझ नावाचं एन्झाइमही डीएनए कापतंच की, फक्त वाटेल तिथे कुरतडतं.

जुना मास्तर :
निर्बंधाचं नंतर बघू. 'विकर' हाच शब्द मला खटकतो. वाचताना दर वेळी आजार आठवतो. आमच्या वेळी 'वितंचक' होता. संस्कृतात आतंचन म्हणजे विरजण. एन्झाइमचं ग्रीक मूळही 'खमिरातलं' अशाच अर्थाचं. इतकी सुंदर जोडी कुणी मोडली?

उगाच :
मास्तर, डीएनएला विरजण लावून दही होतं का?

जुना मास्तर :
शब्दाचं मूळ आणि वस्तूचं काम एकच असावं असा आग्रह असेल, तर 'पेन'ला पीस म्हणा.

सावंतवाडीकर :
माझं मत 'मज्जाव विकर'. आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून आम्हा पोरांना म्हणायची, 'आंघोळ केल्याशिवाय आत मज्जाव.' जिवाणू तेच करतोय. मूळ 'मत जाव', म्हणजे अस्सल हुकूम.

जुना मास्तर :
'मत जाव' ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे. पुरावा द्या.

सावंतवाडीकर :
पुरावा आजी.

पेट्री डिश :
आणि मज्जाव दारातच होतो हो. इथे पाहुणा आत आल्यावर त्याचे तुकडे पडतात! लॅबमध्ये आम्ही यातलं काहीच म्हणत नाही. 'एको आर वनचं डायजेशन लावलंय' म्हणतो, म्हणजे त्या नावाच्या रिस्ट्रिक्शन एन्झाइमने डीएनए कापायला ठेवलाय. बर्फाच्या डब्यात कुपी, त्यातून एक मायक्रोलिटर, मग ३७ अंशांवर तासभर. एन्झाइम ग्लिसरॉलमध्ये असतं, त्यामुळे काकवीसारखं जड. नीट मिसळलं नाही तर तळाशी जाऊन बसतं आणि तुकडे वेगळे करून दाखवणाऱ्या जेलवर डीएनए जसाच्या तसा, न कापलेला दिसतो. मी एकदा कुपी रात्रभर टेबलावर विसरले होते. गाइड तीन दिवस बोलले नाहीत.

भाषांतरवाली :
ते डायजेशनही आहेच मजकुरात. मी 'डीएनए पचवला' लिहिलंय. 😬 आणि कापलेल्या डीएनएच्या टोकांपैकी स्टिकी एंड्सना 'चिकट टोके', ब्लंटना 'बोथट टोके'.

उगाच :
पचवला! ढेकर कुणी दिला?

पेट्री डिश :
'विघटन केलं' लिहा. 'चिकट' चालेल, पण त्यात डिंक नसतो हे सांगा. एको आर वन डीएनएचे दोन्ही पदर एका रेषेत न कापता पायरी ठेवून कापतं, चार अक्षरांची मोकळी शेपटी उरते आणि ती जुळणाऱ्या शेपटीला धरते. म्हणून जनुक आणि प्लाझ्मिड (जिवाणूतलं डीएनएचं छोटं वर्तुळ) एकाच एन्झाइमने कापले की जुळतात. पक्की शिवण लायगेज हे जोडणारं एन्झाइम घालतं. 'बोथट' मात्र नको. धार गेलेल्या विळीला बोथट म्हणतात. तिथे काप सरळ असतो, 'सपाट' म्हणा.

सावंतवाडीकर :
ती कापायची जागा उलटसुलट सारखी असते ना? 'चिमा काय कामाची'सारखी?

पेट्री डिश :
हीच चूक सगळे करतात! एको आर वन जिथे कापतं ती डीएनएची अक्षरं जी-ए-ए-टी-टी-सी. ती उलटी वाचा, सी-टी-टी-ए-ए-जी येतं. सारखं कुठे आहे? समोरच्या पदरावर ए पुढे टी आणि जी पुढे सी असतो. तो पदर उलट्या दिशेने वाचला की पुन्हा जी-ए-ए-टी-टी-सी.

जुना मास्तर :
म्हणजे विलोमपद नव्हेच. दोघांनी समोरासमोर बसून एकच ओळ आपापल्या बाजूने वाचावी तसं. याला वेगळा शब्द हवा.

उगाच :
'रामाला भाला मारा' राहिलं.

भाषांतरवाली :
परवा मजकूर द्यायचाय. मुलांना परीक्षेत 'विकर'च लिहायचंय, म्हणून विकर ठेवतेय, निर्बंधनही ठेवतेय आणि पेट्री डिश यांची विषाणूची गोष्ट चौकटीत टाकते. पण अनेकवचन? विकर की विकरे?

जुना मास्तर :
विकरे. नपुंसकलिंगी आहे.

पेट्री डिश :
आमच्याकडे एन्झाइम्स.

सावंतवाडीकर :
एन्झाइमं!