बडोद्यात राहून सीएफए: आधी नोकरी की आधी परीक्षा?

दांडिया बाजारातील मावशी:
सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झालेली माझी भाची हाती आलेली नोकरी नाकारून सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या तीन पातळ्यांच्या परीक्षेतील पहिल्या पातळीच्या अभ्यासाला बसली आहे, आणि मला हे पटत नाही. तिन्ही पातळ्या उत्तीर्ण झाल्या तरी संबंधित कामाचा ४,००० तासांचा, तोही किमान ३६ महिन्यांत मिळवलेला अनुभव असल्याशिवाय सीएफएची सनद मिळत नाही. परवा मी तिच्यापुढे एका कंपनीचा वार्षिक अहवाल ठेवला. नफा वाढलेला होता, पण व्यवसायातून आलेली रोकड आटली होती. गुणोत्तरे तिने भराभर काढली. उधारीवर माल खपवल्याने येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे पैसे, फुगली आहेत, हे मात्र तिच्या लक्षात आले नाही. बँकेत कर्जखात्यांवर वीस वर्षे काम केल्यामुळे मी ठामपणे सांगते, की ही नजर कामातूनच येते.

रावपुऱ्यातील नोकरदार:
ताई, मी असहमत आहे. मकरपुऱ्यातील कारखान्यात हिशेब सांभाळत मी पहिली पातळी दोनदा दिली आणि दोन्ही वेळा नापास झालो. एका पातळीसाठी सुमारे ३०० तासांचा अभ्यास सुचवलेला आहे. रात्री आठला घरी पोहोचणाऱ्याने ते कोठून आणायचे? साडेचार तासांत १८० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. कॅलक्युलेटरमधील आधीच्या गणिताचे आकडे पुसायचे राहिले, की वर्तमान मूल्य, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत, चुकते, आणि ते चुकलेले उत्तरही पर्यायांत दिसते. शिवाय माझे हिशेबाचे काम गुंतवणुकीच्या निर्णयाशी जोडलेले नसल्याने त्या ४,००० तासांत धरले जाणार नाही. भाचीने नाकारलेली नोकरी कसली होती?

मांजलपूरमधील वाचक:
संशोधन विश्लेषक म्हणून सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणी करायची तर एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेच्या परीक्षेचे प्रमाणपत्र लागते. सीएफएचे शुल्क डॉलरमध्ये भरण्याआधी तिने ती परीक्षा द्यावी, असे माझे मत आहे.

दांडिया बाजारातील मावशी:
नोकरी म्युच्युअल फंडाचे अर्ज भरून घेण्याची होती. ती अनुभवात धरली गेली नसती, हे मला मान्य करावे लागेल. तिने पहिली पातळी घरी बसून द्यावी, पण दर रविवारी माझ्यासमोर एक अहवाल टिपणांसह वाचावा. दुसऱ्या पातळीसाठी मात्र घरी बसण्याला माझा विरोध कायम आहे.