प्लॅजिओक्लेज या खनिजाचा कण एकच, मग गाभा आणि कड एकाच वेळी काळे का होत नाहीत?

गारगोटी
डेसाइट या ज्वालामुखी खडकाचा थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा पातळ काप) आहे. क्वार्ट्झ पहिल्या ऑर्डरचा करडा (जाडीवरून ठरणारा व्यतिकरण रंग) दिसतो, म्हणजे ३० मायक्रॉन जाडी ठीक आहे. क्रॉस्ड निकोल्समध्ये (काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवकांमध्ये) सूक्ष्मदर्शकाचा स्टेज फिरवला की प्लॅजिओक्लेजचा गाभा आधी काळा होतो आणि मग तो काळोख कडेकडे सरकतो. मध्ये दोन ठिकाणी मात्र तो उलटा फिरतो. एका कणावर मिशेल-लेव्ही पद्धतीने (काळं होण्याच्या कोनावरून रचना काढतात ती) कोन मोजला तर गाभ्यात ३१ अंश आणि कडेला १४ अंश आला. मोजण्यात चूक आहे का? आणि स्फटिक शिलारसाशी देवाणघेवाण करत आपली रचना बदलत जातो असं शिकवतात, ते इथे का झालं नाही?

पातळछेद
झोनिंग (गाभ्यापासून कडेपर्यंत बदलणारी रचना) खरं आहे, रचनेप्रमाणे काळं होण्याचा कोन बदलतो; आकडे मात्र कच्चे आहेत. मिशेल-लेव्हीत एका कणाला अर्थ नाही. ट्विनच्या (जुळ्या स्फटिक-पट्ट्यांच्या) रेषा आयपीसमधल्या उभ्या तारेशी समांतर केल्यावर दोन्ही पट्ट्या सारख्याच उजळ दिसतात, असेच कण निवडा. मग डावीकडचा आणि उजवीकडचा कोन मोजा. दोन्हींत ४ अंशांपेक्षा जास्त फरक पडला तर कण सोडून द्या. असे निदान सहा-आठ कण मोजून सर्वांत मोठा कोन घ्यायचा, सरासरी काढायची नाही. कण झोन असलेले आहेत, तेव्हा गाभ्यांचे कोन वेगळे लिहा आणि कडांचे वेगळे.

३१ अंश म्हणजे अॅनॉर्थाइट (प्लॅजिओक्लेजचं कॅल्शियमचं टोक) सुमारे ५५ टक्के. १४ अंश फसवा आहे, कारण तो ३३ टक्क्यांच्या आसपासही येतो आणि जवळजवळ शुद्ध आल्बाइटलाही (सोडियमचं टोक). जिथे कड क्वार्ट्झला टेकली आहे तिथे बेके रेषा (दोन खनिजांच्या सीमेवरची उजळ रेषा) पाहा. स्टेज खाली नेताना ती ठळकपणे क्वार्ट्झमध्ये सरकली तर आल्बाइट, जेमतेम दिसली तर अँडेसिन (मधल्या रचनेचा प्लॅजिओक्लेज).

शिलारस
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. शुद्ध अॅनॉर्थाइट १५५३ अंश सेल्सिअसला वितळतो आणि आल्बाइट १११८ ला (कोरडे, एका वातावरणाच्या दाबाखाली). मधली सगळी मिश्रणं एकाच घन विद्रावाची, म्हणजे दोन्ही टोकं एकाच स्फटिकात मिसळतात. निम्मं-निम्मं मिश्रण वितळवून थंड केलं तर पहिला स्फटिक ८० टक्क्यांच्या आसपास अॅनॉर्थाइटचा निघतो, म्हणजे द्रवापेक्षा बराच कॅल्शियमयुक्त. तापमान उतरतं तसे द्रव आणि स्फटिक दोघेही सोडियमकडे सरकतात, पण सगळा स्फटिक एकसारखा राहायचा तर आधी जमलेला भागही सतत बदलत राहायला हवा. भूशास्त्रज्ञ बोवेन यांनी १९१३ मध्ये प्रयोगांतून ही आकृती मांडली.

खरी अडचण अदलाबदलीची आहे. ऑलिव्हिन या खनिजात मॅग्नेशियमच्या जागी लोह येतं, एकास एक आणि सारख्याच प्रभाराचं. त्यामुळे सावकाश थंड झालेल्या जाड खडकात ऑलिव्हिन बहुधा एकसारखा मिळतो. प्लॅजिओक्लेजमध्ये कॅल्शियम जाऊन सोडियम आला की प्रभार सांभाळायला अॅल्युमिनियमच्या जागी सिलिकॉनही यावा लागतो. त्यासाठी सिलिकॉन-अॅल्युमिनियमच्या चौफलकांचे बंध तोडावे लागतात आणि तो वेग अतिशय मंद असतो. वर नवा थर चढला की गाभा आतच कोंडला जातो. हा कॅल्शियम द्रवाला परत मिळत नाही, म्हणून उरलेला द्रव समतोलात गेला असता त्यापेक्षा जास्त सोडियम-सिलिकायुक्त होतो.

पातळछेद
काळोख उलटा फिरतो तिथे कॅल्शियम पुन्हा वाढलेला आहे. त्याची दोन मुख्य कारणं: खालून नवा, तापलेला, जास्त बेसिक (कमी सिलिकाचा) शिलारस मिसळला, किंवा द्रवात विरघळलेलं पाणी वाढलं. पाण्याने प्लॅजिओक्लेजचं स्फटिकीकरण खालच्या तापमानाला ढकललं जातं आणि बाहेर पडणारा स्फटिक अधिक कॅल्शियमयुक्त असतो. फरक ओळखायचा तर त्या पट्ट्यात लोह मोजा. अॅनॉर्थाइटबरोबर लोहही वाढलं तर शिलारस मिसळल्याचा संशय बळकट होतो. अॅनॉर्थाइट उडी मारतो आणि लोह तसंच राहतं, तेव्हा पाणी किंवा तापमान आधी तपासा. पट्ट्याच्या आतली सीमा खाल्लेली, गोलसर असेल तर मध्ये विरघळणंही झालं आहे.

गारगोटी
कडेची बेके रेषा जवळजवळ दिसतच नाही, म्हणजे अँडेसिन. आता मायक्रोप्रोबवर (इलेक्ट्रॉन बीमने रचना मोजणारं यंत्र) रेषेत बिंदू मारणार आहे.

शिलारस
सोडियम पहिल्यांदा मोजायला लावा. बीम एका बिंदूवर रोखून धरला की सोडियम तिथून निसटतो आणि अॅनॉर्थाइट खोटा वाढलेला दिसतो. १५ किलोव्होल्ट, १० नॅनोअँपिअरच्या आसपास आणि ५ ते १० मायक्रॉन पसरलेला बीम ठेवा. मात्र तुमचा उलटा पट्टा ५ मायक्रॉनपेक्षा अरुंद असेल तर पसरलेल्या बीमने तो शेजाऱ्यांत मिसळून जाईल. तिथे करंट कमी करून बीम लहान ठेवा, मोजणीचा वेळही कमी करा आणि बिंदू आधी बॅकस्कॅटर (परतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या) प्रतिमेवर ठरवून घ्या.