ट्रेडमार्कचा अर्ज: नुसत्या नावाचा करू की लोगोचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं मिळून हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर विकतो. कंपनी नोंदवली, डोमेन घेतलं, आता नाव आपलंच, असं भागीदाराचं ठाम मत. ट्रेडमार्कचा हक्क त्याहून वेगळा, हे त्याला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी अर्जाला तयार झालाय, तर आता वर्गावर गाडी अडली.

नाइस वर्गीकरणात, म्हणजे ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांची जी आंतरराष्ट्रीय विभागणी आहे तिच्यात, 45 वर्ग आहेत, 34 मालाचे आणि 11 सेवांचे. डाउनलोड होणारं सॉफ्टवेअर वर्ग 9 मध्ये. पण आमचे निम्मे ग्राहक ब्राउझरमधूनच लॉगिन करतात, काही उतरवून घेत नाहीत. ते म्हणे वर्ग 42. दोन्हीकडे फी भरायची का?

शिवाय लोगो. हिरवी अक्षरं, शेवटच्या अक्षराला वहीचा कोपरा दुमडल्यासारखा. छान आहे, पण पुढेमागे बदलेल. बजेट एकाचंच असेल तर शब्द घ्यावा की चित्र?

आणि उच्चाराला जवळ जाणारं एक नाव दिसलंय, स्पेलिंग वेगळं. चालून जाईल?

प्रतिसाद १

दोन्ही वर्ग घ्या. तुमचा खरा धंदा 42 मध्ये दिसतोय, तो सोडून 9 घेण्यात अर्थ नाही.

एकच परवडत असेल तर शब्द. लोगो बदलला की जुन्या चित्राची नोंदणी फारशी कामाची राहत नाही. मात्र नाव 'झटपट हिशेब' अशा थाटाचं, म्हणजे माल काय आहे तेच सांगणारं असेल, तर नुसत्या शब्दाला हरकत येणार हे धरून चाला. आणि लोगो बाहेरच्या डिझायनरने केला असेल तर कॉपीराइट लेखी आपल्या नावावर करून घ्या. हे हमखास राहतं.

प्रतिसाद २

स्पेलिंगवर विसंबू नका. ग्राहकाचा गोंधळ होईल का, हे पाहतात; त्यात उच्चार, दिसणं, अर्थ सगळं येतं. ते नाव बुटांचं असेल तर सहसा अडचण नाही, सॉफ्टवेअरचं असेल तर आहे. वायपोच्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या) ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्ये फुकट शोधता येतं, उच्चाराची सगळी रूपं टाकून बघा.

परदेशात विकणार असाल तर पहिल्या अर्जापासून 6 महिन्यांत तिथे अर्ज करा. पॅरिस करारातल्या (हवामानाचा नव्हे, ट्रेडमार्क-पेटंटचा जुना करार) देशांत पहिल्या अर्जाचीच तारीख धरली जाते. नोंदणी होईपर्यंत नावापुढे टीएम लावा, गोलातला आर (®, नोंदणी झाल्याची खूण) नको. नोंदणीआधी तो लावणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे.

धागाकर्ता

आभार! ते नाव पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरचं निघालं. म्हणजे बोंबललं का?

प्रतिसाद २

फार जवळचं आहे. अर्जाआधी वकिलाला दाखवाच, आणि तोवर पाट्या छापू नका.