मदत हवी आहे: फोनवर चाली रेकॉर्ड करते, पण तानपुरा गायब होतो आणि चाली सापडत नाहीत

कुकरची_शिट्टी

नमस्कार मंडळी,

गाण्याच्या परीक्षा मध्यमापर्यंत दिल्या, मग लग्न, नोकरी, मुलगा... असो. गेली दोन-तीन वर्षं मैत्रिणीच्या बालकवितांना चाली लावते आहे. सोसायटीतली मुलं गणपतीत त्या म्हणतात, एवढाच काय तो श्रोतृवर्ग.

पेटी पुढे ओढून बसलं की चाल सुचत नाही, हा माझा कायमचा अनुभव. सुचते ती डोंबिवलीहून सुटलेल्या सकाळच्या लोकलमध्ये, नाहीतर कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला. म्हणून फोनच्या रेकॉर्डरवर गुणगुणून ठेवते. काल मोजल्या तर ३१२ फायली निघाल्या. नावं 'रेकॉर्डिंग ४७', 'रेकॉर्डिंग ४८' अशी. निम्म्यांत शब्दच नाहीत, नुसतं 'ना ना ना'. सूर कुठला धरला होता, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे होती, काही पत्ता लागत नाही. एक झकास मुखडा तर मला स्वतःलाच पुन्हा बसवता आला नाही. रूपक तालात होता की दादऱ्यात, यावर दोन दिवस घातले.

दुसरी अडचण अजून विचित्र आहे. रविवारी निवांत रेकॉर्ड करायला बसले. जुन्या फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलं, काळी चार या माझ्या पट्टीत, आणि नव्या फोनवर रेकॉर्डिंग. ऐकून बघते तर पहिले चार-पाच सेकंद तानपुरा आहे, मग तो विरत जातो. मी गायले की मधूनच डोकावतो, थांबले की गुल. माझा आवाजही पाण्याखालून आल्यासारखा. माईक बिघडला म्हणावं तर फोनवर बोलताना सगळं स्वच्छ.

तिसरं म्हणजे बँडलॅब हे रेकॉर्डिंगचं अ‍ॅप उतरवून एका ट्रॅकवर ठेका आणि दुसऱ्यावर गाणं असं करून पाहिलं. गाणं ठेक्याच्या मागे रखडतं. मी लयीला इतकी कच्ची नाही हो!

फोन अँड्रॉइड, मध्यम किमतीचा. नवा घेणार नाही. दर महिन्याची वर्गणी लागेल असं अ‍ॅपही नको. काय करू?

खर्जातला_पंचम

माईक ठणठणीत आहे. तुमच्या तानपुऱ्याला फोन पंख्याची घरघर समजतो आहे.

फोनचं रेकॉर्डिंग मुळात बोलणं टिपायला घडवलेलं असतं. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे गोंगाट, तो दाबायचा. शब्द येतात-जातात, ते ठेवायचे. तानपुऱ्याचा तर धर्मच एकसारखं चालू राहण्याचा, त्यामुळे पहिला बळी त्याचा. लांबवलेला षड्जही याच चाळणीत सापडतो, पाण्याखालचा आवाज तिथून येतो. शिवाय हळू आवाज आपोआप मोठा आणि मोठा आवाज लहान करण्याची सोय असते. गाण्यात त्याने लहानमोठेपणा सपाट होऊन जातो.

रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये नॉइज सप्रेशन, नॉइज रिडक्शन, ऑटो गेन असं काही दिसलं तर बंद करा. तिथे काहीच नसेल तर माईकचा प्रकार निवडू देणारं दुसरं अ‍ॅप घ्या. त्यात 'रॉ' किंवा 'अनप्रोसेस्ड' असा पर्याय असेल तर तो. अँड्रॉइडमध्ये ही सोय सातव्या आवृत्तीपासून आहे, पण फोन बनवणारा ती देतोच असं नाही. म्हणून आधी अर्धा मिनिट नुसता तानपुरा रेकॉर्ड करून बघा. शेवटपर्यंत टिकला तर अ‍ॅप ठेवा, नाहीतर काढून टाका.

खरं सांगू का, सुचलेली चाल टिपताना तानपुरा रेकॉर्ड व्हायची गरजच नाही. वायरवाल्या इअरफोनने तो एका कानात ऐका. फायलीत फक्त तुमचा गळा आला तरी सूर पक्का राहतो.

तिसरी_काळी

ताई, ३१२ फायलींचं दुःख मला कळतं, माझ्या सहाशेच्या वर होत्या.

माझी सवय सांगते. रेकॉर्डिंग सुरू केलं की गाण्याआधी बोलायचं. "काळी चार, केरवा, पावसाच्या कवितेचा मुखडा." मग 'सा' लावायचा, हातावर टाळीने एक आवर्तन द्यायचं आणि मग गायचं. दहा सेकंद जातात. लोकलमध्ये बायका बघतात, बघू देत. काळी चार बोलताना गळा भलत्याच पट्टीत असेल तरी हरकत नाही, 'सा' कुठला होता ते फायलीत राहतंच.

शब्द नसतील तर 'ना ना' करू नका. कवितेची ओळ आठवत नसेल तर भाजीची यादी म्हणा, पण अक्षरं हवीत. लघु-गुरू चालीला कुठे पकडून आहेत ते 'ना ना'मध्ये हरवतं.

नाव त्याच दिवशी बदलायचं: तारीख, ताल, पहिले दोन शब्द. रविवारी चहा घेताना आठवड्याच्या फायली ऐकायच्या आणि निर्दयपणे पुसायच्या. माझ्या दहातल्या आठ जातात. जुन्या ३१२ च्या नादी लागू नका, आजपासून सुरू करा.

वायरवाला

तिसऱ्या तक्रारीबद्दल. कानात ब्लूटूथ होतं ना?

ठेका फोनमधून निघून ब्लूटूथच्या कानापर्यंत पोचायला सहज १५०-२०० मिलिसेकंद लागतात. तुम्ही जे ऐकता त्याच्याशी बरोबर गाता, पण अ‍ॅपच्या हिशेबात उशिरा गाता. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे २०० मिलिसेकंद हा जवळजवळ अर्ध्या मात्रेचा घोळ झाला. तुमची लय निर्दोष आहे, निश्चिंत असा.

वायरचा इअरफोन लावा. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीचा मिळतो. तरीही थोडा उशीर उरेल, कारण अँड्रॉइडमध्ये तो फोनागणिक वेगळा असतो. ठेक्यावर फक्त टाळ्या रेकॉर्ड करा, किती मागे पडतात ते लहरींच्या चित्रात दिसेल, तेवढा ट्रॅक पुढे ओढा.

आणि फाइल मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट करून पाठवू नका, आवाजाचा चुरा होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. कच्च्या चालीला साधी एमपीथ्री पुरे, मिनिटाला साधारण १ एमबी. ठेवणीतलं असेल तेव्हा न दाबलेली वॅव्ह फाइल, एकाच चॅनेलची असली तरी मिनिटाला ५ एमबीच्या वर जाते.

फळ_खाल्लेला

आयफोनवाला असल्याने गॅरेजबँड हे गाणी रेकॉर्ड करायचं अ‍ॅप सुचवणार होतो, पण ते अँड्रॉइडवर नाही, तेव्हा गप्प बसतो. फक्त एक इशारा. अ‍ॅपलचं म्युझिक मेमोज नावाचं अ‍ॅप होतं, २०१६ साली आलेलं, खास सुचलेलं टिपण्यासाठी. गिटार वाजवली की कॉर्ड ओळखायचं, ड्रम आणि बेसची साथ करायचं. मी त्यात एक भैरवी गायलो, त्याने पाश्चात्त्य वरातीची साथ दिली. २०२१ मध्ये अ‍ॅप बंद झालं. कुठलंही वापरा, महिन्यातून एकदा फायली बाहेर काढून दुसरीकडे ठेवा.

कुकरची_शिट्टी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद! तानपुऱ्याचं कोडं सुटलं. फोनच्या रेकॉर्डरमध्ये बंद करायचं बटणच नव्हतं, तिसऱ्या अ‍ॅपमध्ये तानपुरा शेवटपर्यंत टिकला. ब्लूटूथही काढलं. टाळ्या अजून किंचित मागे पडतात, पण ओढता येतात.

भाजीच्या यादीवर काल चाल बांधली. "मेथी, दुधी, कोथिंबीर" दादऱ्यात फार गोड बसतं.

आता पुढचं. मुखडा पक्का झाला की स्वर लिहून ठेवायचे आहेत. वहीत भातखंडे पद्धतीने लिहिते, पण वही नेमकी घरी असते. फोनवर कोमल गांधाराखाली रेघ कशी द्यायची?

खर्जातला_पंचम

वेदपाठाची चिन्हं उसनी घ्या. अनुदात्ताची आडवी रेघ खाली येते: रे॒ ग॒ ध॒ नि॒. तीव्र मध्यमाची उभी रेघ वर येते: म॑. दोन्ही युनिकोडमध्ये आहेत. इथून कॉपी करा आणि कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात शॉर्टकट लावून ठेवा. लांबवायला अवग्रह: साऽऽ. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मात्र लिहू नका, ती गाऊनच ठेवा.

गाणं आपोआप स्वरात उतरवून देणारी अ‍ॅपं आहेत, पण त्यांच्या नादी लागू नका. मींड घेतली की ती पायऱ्या मोजत बसतात.

तिसरी_काळी

अजून एक, जरा बोचरं. चाल पक्की करण्याआधी गूगलच्या अ‍ॅपला गुणगुणून दाखवा. गाणं ओळखायची ही सोय २०२० पासून आहे. माझ्या दोन 'अस्सल' चाली तिथेच निकालात निघाल्या.

कुकरची_शिट्टी

दाखवली. माझा लाडका मुखडा एका जुन्या हिंदी गाण्याचा निघाला. नवरा म्हणाला, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अंतरा तेवढा माझा आहे, तो ठेवते.

रेघांची युक्ती जमली, पण मात्रांचे विभाग एकाखाली एक येत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर तर सगळं सांडतं. आवर्तनाच्या रकान्यांत स्वर भरायला तुम्ही फोनवर काय वापरता? स्प्रेडशीट हेच उत्तर असेल तर स्पष्ट सांगा, ऑफिसात दिवसभर तेच करते.