मदत हवी आहे: ठाण्यात प्रसूतीसाठी नर्सिंग होम

वहिनींना ३४ वा आठवडा चालू आहे. रक्तगट ओ निगेटिव्ह, पहिलं बाळंतपण सिझेरियनने झालं होतं. राहायला वर्तकनगर. नौपाड्यातलं एक आणि घोडबंदर रोडवरचं एक, अशी दोन नर्सिंग होम पाहून झाली आहेत.

खोल्या, स्वच्छता दोन्हीकडे उत्तम. काळजी रात्रीची आहे. जुन्या टाक्यावर ताण येऊन गर्भाशय फाटण्याचा धोका असतो, तेव्हा ऑपरेशन मिनिटांत सुरू व्हावं लागतं. नौपाड्यात भूलतज्ज्ञ फोनवरून बोलावतात. तिथे रात्री दोन वाजता ते किती वेळात पोचतात? आरएमओ (रात्री तिथेच थांबणारा डॉक्टर) एमबीबीएस असतो की बीएएमएस? घोडबंदरला एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) त्याच इमारतीत आहे, पण कळा सुरू झाल्या आणि रस्ता तुंबलेला असला तर काय, हे आम्हाला ठरवता येत नाहीये.

ओ निगेटिव्ह रक्त दोन पिशव्या आधी राखून ठेवतात का, कोणत्या रक्तपेढीतून? बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर आईला अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यायचं असतं; ते तिथेच मिळतं की नातेवाइकांना धावावं लागतं?

खर्चाचं म्हणाल तर पॅकेजमध्ये भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटरचं साहित्य धरलेलं नसतं, असं बऱ्याच ठिकाणी होतं. पॉलिसीत मॅटर्निटीची मर्यादा ५० हजारच आहे. गेल्या वर्षभरात या भागात सिझेरियन झालेल्यांनी शेवटचं बिल आणि आधी सांगितलेला आकडा, दोन्ही कळवाल का? नर्सिंग होमचं नाव मेसेजमध्ये सांगितलंत तरी चालेल.