मदत हवी: एम१ (मेंदूच्या मधल्या धमनीचा पहिला भाग) अरुंद असताना एएसएलवर (रक्तालाच चुंबकीय लेबल लावून प्रवाह मोजणारं एमआरआय) दिसणारा कमी प्रवाह खरा मानायचा का?

प्रश्न
रुग्ण ६२ वर्षांचे. सीटी अँजिओवर उजव्या एमसीएच्या (मेंदूची मधली धमनी) एम१ भागात साधारण ७५% अरुंदपणा, डिफ्युजन एमआरआयवर ताजं इन्फार्क्ट (रक्ताअभावी मेलेला भाग) नाही. ३ टेस्लावर पीकॅसल (एएसएलचाच एक प्रकार) केलं: लेबलिंग १८०० मिलिसेकंद, पीएलडीही (लेबलिंग संपल्यापासून चित्र घेईपर्यंतची वेळ) १८००. उजव्या एमसीएच्या हद्दीत सीबीएफ (मेंदूतला रक्तप्रवाह) डावीकडच्या निम्मा येतोय, पण सिल्व्हियन फटीपाशी पांढऱ्या वळवळत्या रेघा आहेत. टीओएफवर (कॉन्ट्रास्टविना धमन्या दाखवणारं एमआरआय) एम१ चक्क तुटलेला दिसतो. क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणून पुन्हा कॉन्ट्रास्ट नको. रिपोर्टमध्ये 'हायपोपर्फ्युजन' (रक्तपुरवठा कमी) लिहावं का? रिझर्व्ह (गरज पडल्यास प्रवाह वाढवण्याची क्षमता) बघायला मेंदूतल्या धमन्या रुंदावणारं अ‍ॅसिटाझोलामाइड कसं द्यायचं?

प्रतिसाद १
इतक्यात लिहू नका. त्या रेघा म्हणजे लेबल झालेलं, पण अजून धमन्यांतच असलेलं रक्त. ते ऊतीत उतरायच्या आधीच चित्र घेतलं गेलंय. एम१ आकसला की एसीए आणि पीसीएकडून (मेंदूची पुढची आणि मागची धमनी) लेप्टोमेनिंजियल कोलॅटरलच्या (मेंदूच्या पृष्ठभागावरच्या जोडवाहिन्या) वाटेने, वळसा घालून रक्त येतं.

प्रौढ रुग्णांसाठी २०१५ च्या शिफारशीतही पीएलडी २००० आहे, आणि अशा केसला तेवढंही पुरत नाही. तोच सीक्वेन्स ३००० वर पुन्हा घ्या. रेघा विझून कॉर्टेक्स भरून आला, तर तो निव्वळ उशीर होता. रेघा जाऊनही भाग काळाच राहिला, तर प्रवाह खरोखर कमी असण्याची शक्यता वाढते. मात्र सिग्नल पडतो: रक्ताचा टी१ (लेबल विरण्याचा वेग ठरवणारा काळ) ३ टेस्लावर सुमारे १६५० मिलिसेकंद, म्हणजे १८०० नंतर एक तृतीयांश लेबल उरतं, ३००० नंतर जेमतेम एक षष्ठांश. तोच एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) हवा तर अ‍ॅव्हरेज (एकाच चित्राच्या पुनरावृत्ती) चौपट लागतील. तेवढ्यात रुग्ण हलतो, म्हणून दुप्पट करून थांबा. मल्टी-डिले (अनेक पीएलडींचा) सीक्वेन्स असेल तर सरळ तोच घ्या, ट्रान्झिट टाइमचा (रक्त पोचायला लागणारा वेळ) नकाशाही मिळतो.

उजवा एसीएही काळा असेल तर आधी लेबलिंग प्लेन (मानेत जिथे रक्ताला लेबल लागतं ती पातळी) तपासा. मानेतला स्टेंट किंवा वळणदार कॅरोटिड असली की लेबलच नीट लागत नाही.

टीओएफवरच्या तुटीवर टक्केवारी काढू नका. मंद आणि खळबळत्या प्रवाहात सिग्नल जातो, अरुंदपणा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. मोजमाप सीटी अँजिओवरच करा.

प्रतिसाद २
अ‍ॅसिटाझोलामाइडची नेहमीची मात्रा प्रौढांना १ ग्रॅम, शिरेतून सावकाश. आधी बेसलाइन, मग १५ ते २० मिनिटांनी त्याच सेटिंगवर दुसरं स्कॅन. सीबीएफमधली वाढ टक्क्यांत: (नंतरचा − आधीचा) ÷ आधीचा × १००. १०% च्या खाली आलं तर रिझर्व्ह फारच कमी. उणे आलं तर स्टील (रक्त निरोगी भागाकडे ओढलं जाणं). पण सल्फाची अ‍ॅलर्जी, कमी पोटॅशियम किंवा किडनीचा गंभीर आजार असेल तर द्यायचं नाही. तुमच्या रुग्णाचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, तेव्हा नेफ्रॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय हात लावू नका.

औषधाविना करायचं तर बोल्ड (रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावर चालणारं एमआरआय) आणि श्वास रोखणं: श्वास सोडून १५ सेकंद रोखायचा, मध्ये ३० सेकंद नेहमीचा श्वास, अशी ६ आवर्तनं. इथेही उशीर फसवतोच. उजवीकडची वाढ काही सेकंद मागून येते. प्रत्येक व्हॉक्सेलला (चित्रातला छोटा घन ठिपका) वेळ सरकवून फिट केलं नाही, तर तिथे प्रतिसाद शून्य किंवा उणे निघतो आणि खोटा स्टील रिपोर्टमध्ये जातो.

प्रश्नकर्ता
एसीए दोन्ही बाजूंना सारखाच आहे, म्हणजे लेबलिंग ठीक. ३००० वर पुन्हा घेतो. तोवर रिपोर्टमध्ये काय लिहू?

प्रतिसाद १
'उजव्या एमसीएच्या हद्दीत रक्त उशिरा पोचते, कोलॅटरल प्रवाहाची चिन्हे. या पीएलडीवर सीबीएफचा आकडा ग्राह्य नाही.' शेजारी पीएलडी आणि स्कॅनच्या वेळचं बीपी लिहा.